खानदेशातले कवी आणि आपण त्यांना चिकटवलेल्या पाट्या

तापीकाठी

जळगावहून भुसावळकडे निघालं की भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं. मोठ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, त्यामुळे खिडकीतून पाटी वाचता येईलच असं नाही. ५ मे १९१८ ला याच स्टेशनाजवळ त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, गाडीखाली सापडून गेले. वय २७.

बालकवींवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, अर्धा वेळ या अपघातात जातो. मन थाऱ्यावर होतं का, घरात काही बिनसलं होतं का, अपघातच होता ना, असं कुजबुजत वक्ता 'औदुंबर'पर्यंत येतो, काळ्या डोहाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "याला आधीच सगळं दिसलं होतं!" मग टाळ्या.

माझं म्हणणं, एकदा कविताच अख्खी वाचू. आठच तर ओळी आहेत:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढें.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

दुःखाचा एक शब्द दाखवा यात. 'मी' नाही, उसासा नाही, 'हाय' नाही. नजर झऱ्यावरून निघते, पलीकडच्या गावावर जाते, शेतांतून खाली उतरते, पायवाटेला लागते आणि डोहाशी येऊन थांबते. सगळे रंगच रंग: हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा. आणि त्या काळिम्याला विशेषण कोणतं, तर 'गोड'. ज्यांना या डोहात फक्त मरण दिसतं, ते या 'गोड'चं काय करतात? शेवटी झरा वाहतोय, वाट चाललीय, एकटा औदुंबर तेवढा बसलाय. तोही पाण्यात पाय सोडून, ऐसपैस. मला तर तो रजा टाकून आलेल्या माणसासारखा दिसतो. हसा खुशाल.

मग कवीचं आयुष्य वाचूच नये? वाचावं की. पण शेवटच्या पाच मिनिटांऐवजी आधीची सत्तावीस वर्षं वाचावीत. जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. वडील पोलीस खात्यात, बदलीची नोकरी, त्यामुळे पोराचं लहानपण खानदेशातल्या गावागावांत गेलं. शाळा धड झाली नाही. पण ज्या मुलखात तो वाढला तिथं एक विलक्षण गोष्ट चालू होती. जळगावातून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून 'काव्यरत्नावली' काढत होते. नुसत्या कवितेला वाहिलेलं मासिक! पुण्यात नाही, मुंबईत नाही, जळगावात. केशवसुतांच्या कविता त्यात छापून आल्या. आणि याच जळगावात १९०७ साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. सतरा वर्षांच्याही आतल्या या पोरानं तिथं आपली कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं.

हे कीर्तिकर म्हणजे वनस्पतिशास्त्रातले मोठे नाव. भारतीय औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसू यांचा ग्रंथ आजही आयुर्वेदवाले चाळतात. 'औदुंबर' लिहिणाऱ्याचं बारसं झाडांच्या डॉक्टरनं केलं, ही गोष्ट कुणी व्याख्यानात का सांगत नाही?

तर धाग्याचा विषय हा: कवीच्या आयुष्यातलं नेमकं काय कवितेला उपयोगी पडतं आणि काय आड येतं? माझा कल उघड आहे. गाव, नोकरी, मासिक, सोबतची माणसं, हे उपयोगी. मरणाच्या कथा आणि शाळेच्या पाट्या आड येणाऱ्या. खानदेशापुरतं बोलू, नाहीतर धागा कुठल्या कुठं जाईल.

भुसावळकर

+१. लहानपणापासून अपडाऊन याच मार्गावर. भादलीच्या शेजारचं गाव असोदे. असोदे म्हटल्यावर बहिणाबाई, वेगळं सांगायला नको. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ड्युटीवर आहे.

शुद्धमती

'औदुंबर'बद्दल एकदम मान्य. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला जाताय. बालकवींना शाळेनं 'निसर्गकवी' ही पाटी लावली. श्रावणमास, फुलराणी, आनंदी आनंद गडे, संपला विषय. ती पाटी कुणी हलवली असेल, तर त्यांच्या आयुष्यातल्या अंधाराबद्दल बोलणाऱ्यांनीच. हे ऐका:

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला
काय बोचते ते समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला

किंवा 'पारवा'. भिंत खचलेली, खांब कलथलेला, उद्ध्वस्त धर्मशाळा आणि तिच्या कौलांवर बसून खिन्न, नीरस गाणं गाणारा तो पक्षी. 'शून्य मनाच्या घुमटात' घ्या. ही फुलराणीवाल्याचीच कविता आहे, हे शाळा सांगत नाही. चरित्र सांगतं.

तापीकाठी

@शुद्धमती, 'उदासीनता'च्या ओळी तुम्ही टाकल्यात हे छान केलंत. पण त्या वाचायला भादली स्टेशन कशाला लागतं? कवी स्वतःच म्हणतोय, 'काय बोचते ते समजेना'. ज्याला आपलं दुखणं कळत नाही म्हणून कविता सुचली, त्याला शंभर वर्षांनी आपण निदान करून द्यायचं, हे मला विचित्र वाटतं. 'पारवा' तर जिथून आलाय ती जागा माझ्या ओळखीची आहे. आमच्याकडे अशा पडक्या धर्मशाळा होत्याच, बदलीच्या गावी जाताना पोलिसाच्या पोरानं पाहिल्याही असतील. यापुढे मला जावंसं वाटत नाही.

पेरू

एक बाळबोध शंका. ही कविता सांगलीजवळच्या औदुंबर गावावर आहे ना? तिथं संक्रांतीला साहित्यसंमेलन भरतं, कृष्णेचा डोह पण आहे. आमच्या सरांनी तसंच सांगितलं होतं.

मोडी मास्तर

@पेरू, ते दत्ताचं औदुंबर. कवितेतलं औदुंबर म्हणजे उंबराचं झाड. झाड पाण्यात पाय टाकून बसू शकतं, गाव नाही. 🙂

नलूताई

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे 'शाळेच्या पाट्या' या शब्दावर थोडं बोलायला हवं. पाटी शिक्षक लावत नाही, प्रश्नपत्रिका लावते. 'कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे' एवढं वाक्य पाठ केलेल्या मुलाला बालकवींच्या कुठल्याही कवितेवर निम्मे गुण मिळतात. मग तो कविता कशाला वाचेल? मी 'श्रावणमासी हर्ष मानसी' शिकवताना मुलांना खिडकीपाशी उभं करायचे. 'क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे' ही ओळ वर्णन म्हणून वाचली तर सपाट आहे. म्हणून बघा, पाऊस आणि ऊन यांची घाई जिभेवर येते.

आता चरित्राबद्दल. बालकवींना सगळ्यात जवळून ज्यांनी पाहिलं त्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. जळगावच्या संमेलनानंतर हा मुलगा त्यांच्या अहमदनगरच्या घरी राहिला. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झालेले, जातीनं वाळीत टाकलेलं घर, आणि तिथं एक ब्राह्मण मुलगा घरच्यासारखा वावरतोय! त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हे ठोंबरे भेटतात. रुसणारे, हट्टी, लाडावलेले, आईच्या मायेनं सांभाळावे लागणारे. व्याख्यानातल्या गूढ, मृत्यूला ओळखणाऱ्या कवीपेक्षा मला हा मुलगा फार खरा वाटतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी फक्त ती पानं तरी वाचावीत.

आणि एक. बालकवी गेले मे १९१८ मध्ये. जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला गोविंदाग्रज, म्हणजे गडकरी, क्षयानं गेले. तेही चौतिशी न ओलांडता. मे १९१९ मध्ये मुंबईत रेव्हरंड टिळक. एका वर्षात तिघं. लक्ष्मीबाईंच्या बाजूनं ते वर्ष कसं गेलं असेल, याचा विचार मी कधीकधी करते. कवीच्या मरणावर इतकं बोलतो, पण मागे राहिलेल्या बाईनं टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुरं केलं, हे कितीजणांना ठाऊक असतं?

पेरू

नलूताई, तुम्ही आम्हाला का नव्हता शिकवायला!

मोडी मास्तर

धागाकर्त्यानं खानदेश म्हटलंच आहे, तर फैजपूर विसरू नका. काँग्रेसच्या १९३६ च्या अधिवेशनामुळे ते गाव इतिहासात गेलं, कवितेसाठी त्याचं नाव कुणी घेत नाही. केशवसुत, कृष्णाजी केशव दामले, मालगुंडचे. मॅट्रिक उशिरा, नोकऱ्या फुटकळ, कारकुनी, शिकवण्या. १८९८ पासून काही वर्षं त्यांनी फैजपूरला शाळेत मास्तरकी केली. तिथून धारवाड. आणि १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगनं गेले, पाठोपाठ पत्नीही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १ डिसेंबर १९०९ ला, त्याच फैजपुरात कोण जन्मलं? बाळ सीताराम मर्ढेकर! मराठी कवितेची दोन मोठी वळणं, एक केशवसुत आणि एक मर्ढेकर, आणि दोघांना जोडणारं हे एक तालुक्याचंही नसलेलं गाव.

आता माझी एक थिअरी, शिव्या द्या. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही कविता सगळे महायुद्ध, छळछावण्या, यंत्रयुग या अंगानं वाचतात. पण मर्ढेकरांचं लहानपण प्लेगच्या छायेतल्या महाराष्ट्रात, बरंचसं खानदेशातच गेलं. उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे त्या पिढीच्या मुलांनी ऐकलेलंच असणार. मेलेला उंदीर ही त्यांच्यासाठी प्रतिमा नव्हती, बातमी होती.

शुद्धमती

मास्तर, शिव्या नाही, पण थांबा. प्लेगच्या उंदराचं काय होतं? तो बिळातून बाहेर येऊन, झिंगून, घरात मरतो. मर्ढेकरांचे उंदीर पिपात आहेत. 'माना पडल्या, मुरगळल्याविण' आणि लगेच 'माना पडल्या, आसक्तीविण'. मरण आणि प्रणय एकाच मानेवर आणून ठेवलेत. कवितेचा सगळा जोर या भयंकर जोडणीत आहे. तिथं प्लेग आणला की कविता आरोग्य खात्याचं परिपत्रक होते. धागाकर्ता अपघाताबद्दल जे म्हणतोय तेच तुम्ही साथीच्या बाबतीत करताय. फरक एवढाच की तुमची गोष्ट जास्त चांगली आहे.

मोडी मास्तर

गोष्ट चांगली आहे हे मान्य केलंत, भरून पावलो. पण मी प्लेग हा 'अर्थ' म्हणत नाहीये. शब्दाला आधीपासून वास असतो एवढंच म्हणतोय. १९४७ ला 'काही कविता' वाचणाऱ्या चाळिशीच्या माणसाला 'उंदिर मेले' हे शब्द कसे ऐकू आले असतील? त्याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. खटला भरणाऱ्यांना कवितेत काय घाण वाटली याची यादी असते, अंगावर काटा कशानं आला याची नसते.

तापीकाठी

@मोडी मास्तर, फैजपूरचा धागा भारी पकडलात. केशवसुतांबद्दल मला एवढंच जोडायचंय की 'बंडखोर' या पाटीनं त्यांचं फार नुकसान केलं. 'एक तुतारी द्या मज आणुनि' १८९३ ची. ती इतकी मोठ्यानं वाजली की 'नैर्ऋत्येकडल्या वाऱ्यास'सारख्या कविता कुणाला ऐकूच आल्या नाहीत. घाटावरच्या कोरड्या मुलखात बसलेला कोकणातला मास्तर वाऱ्याच्या दिशेवरून घर ओळखतो. ही कविता समजायला तुतारीचा काही उपयोग नाही, बदलीच्या नोकरीचा आहे.

भुसावळकर

आलो. आता जरा लांबड लावतो.

वर सगळ्यांनी १९०७ च्या जळगावच्या संमेलनाचा उल्लेख केला. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८०, असोद्याच्या महाजनांच्या घरातला. लग्न तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे. म्हणजे ज्या वर्षी जळगावात महाराष्ट्रभरचे कवी जमले, कर्नल साहेब अध्यक्ष झाले, धरणगावच्या पोराला पदवी मिळाली, त्या वर्षी बहिणाबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांची, त्याच गावात होती. शेत, गोठा, जातं, पोरं. ज्या गावातून वीस वर्षं नुसत्या कवितेचं मासिक निघत होतं, त्या गावात मराठीतली एवढी मोठी कवयित्री राहत होती आणि मासिकाला तिचा पत्ता नव्हता.

कसा असणार? लिहिता येत नव्हतं. १९१० मध्ये नवरा गेला, वय तीस. प्लेगनं थोरल्या मुलाला, ओंकारला, कायमचं अपंग केलं. (मास्तर, तुमचा प्लेग इथं खरा आहे.) गाणी म्हटली ती काम करता करता. त्यातली जी उरली ती मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून. ती गेली ३ डिसेंबर १९५१ ला. सोपानदेवांनी मग ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे तिच्याच गावातल्या त्या संमेलनानंतर पंचेचाळीस वर्षांनी. तिनं स्वतःचं पुस्तक पाहिलं नाही.

गंमत अशी की छापखान्यावर तिचं गाणं आहे. यंत्रं कशी हलतात, कागद कसे निघतात, सगळं बारकाईनं पाहिलेलं. आणि शेवटी काय म्हणते?

मानसापरी मानूस, राहतो रे येडजाना
अरे, होतो छापीसनी कोरा कागद शहाना!

कोरा कागद छापला की शहाणा होतो, माणूस मात्र येडा तो येडाच. वाचता न येणारी बाई हे म्हणतेय! शाळेत बहिणाबाई म्हणजे 'अरे संसार संसार' आणि सुगरणीचा खोपा. 'निरक्षर असूनही किती थोर विचार' ही तिला लावलेली पाटी. मला ते 'असूनही' डोक्यात जातं. या दोन ओळी साक्षर माणसाला सुचल्या नसत्या. छापलेल्या अक्षराच्या बाहेर उभं राहिल्यावरच ते असं दिसतं.

बे एरियातला बंड्या

अप्रतिम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. इकडे आमच्या मंडळात मागं बहिणाबाईंच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला होता. अहिराणीतला गोडवा काही औरच.

भुसावळकर

धन्यवाद बंड्याभाऊ. फक्त अहिराणी नाही बरं का. तिची बोली लेवा गणबोली, आमच्या भागातल्या लेवा पाटीदार घरांतली. अहिराणी जास्त करून धुळ्याकडे, पश्चिमेला. बाहेरच्याला दोन्ही खानदेशी म्हणून एकच वाटतात. आमच्या आज्यांना विचारलं असतं तर त्यांनी लाटणं घेतलं असतं.

नलूताई

भुसावळकर, 'असूनही'बद्दल तुमच्या हातावर टाळी. एक गोष्ट मात्र अत्र्यांच्या पदरात टाकायला हवी. 'केशवकुमार' या नावानं 'झेंडूची फुले'त त्यांनी त्या काळच्या भल्याभल्या कवींची टर उडवली, सांकेतिक कविता त्यांना लांबून कळायची. तो माणूस वही पाहून हलला, यात दयेचा भाग नव्हता. त्यांचा कान तयार होता.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर मला बहिणाबाईंच्याच ओळीत दिसतं असं नाही, पण मरणाबद्दल बोलायचंच असेल तर भादलीच्या शेजारणीचं ऐका:

आला सास, गेला सास, जीवा तुझं रे तंतर
अरे, जगनं-मरनं एका सासाचं अंतर

वैधव्य, प्लेग, गरिबी, सगळं भोगलेल्या बाईनं हे म्हटलंय. तरी कुणी म्हणत नाही की 'हिला आधीच दिसलं होतं'. का? ती एकाहत्तर वर्षं जगली म्हणून? सत्ताविसाव्या वर्षी गेली असती तर याच ओळींवर व्याख्यानं झाली असती.

तापीकाठी

नलूताई, धाग्यात मला जे सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

भुसावळकरांच्या छापखान्यावरून एक सुचलं. केशवसुतांची 'आम्ही कोण' आठवा. 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे. आम्हांला वगळा, विकेल कवडीमोलापरी हे जिणे!' कवी नसेल तर तारेसुद्धा फिके. फैजपूरचा गरीब मास्तर एवढा मोठा दावा करतो. आणि तिथून काही कोसांवर बसलेली बाई म्हणते, कागद छापा हवा तेवढा, माणूस काही सुधारत नाही. मला यात बहिणाबाई जास्त आधुनिक वाटते.

शुद्धमती

हे मात्र अन्यायाचं आहे. 'आम्ही कोण' तुम्ही गर्वाची कविता म्हणून वाचताय. ज्याला नोकरी टिकत नव्हती, ज्याचा कवितासंग्रह जिवंतपणी निघाला नाही, हरिभाऊ आपट्यांनी तो १९१७ मध्ये काढला, त्या माणसाचं ते ओरडून सांगणं आहे. त्यात गर्व कमी आणि हट्ट जास्त. आणि बघा, हे म्हणायला मला त्याचं आयुष्यच लागलं. आता बोला.

तापीकाठी

नोकरी आणि संग्रह लागला. प्लेग नाही लागला. मी पहिल्या पोस्टमध्ये तेच म्हटलंय की. 🙂

मोडी मास्तर

प्लेगला का मध्ये ओढताय परत! बाकी, कुणाकडे 'काव्यरत्नावली'चे जुने अंक किंवा निदान अनुक्रमणिका पाहिल्या आहेत का? पहिल्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईबाहेरचे कवी किती होते हे मोजून बघायचंय. जळगाव-धुळ्याच्या जुन्या वाचनालयांत जाणारं कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मी दिवाळीनंतर तिकडे येणार आहे.